चार नंबरचं अंडं

१

सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. दिवसातून तीन वेळा अंडी फिरवायची, असा मगदुमांच्या घरात नेम लागला होता. पूजेला उशीर झाला तर चालेल, अंड्यांना नाही. प्रत्येक अंड्याच्या एका कुशीला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या कुशीला गोल आणि टोकाला नंबर. फुली वर असली की गोल वर आणायचा, गोल असला की फुली. बदकी हे काम चोचीनं करते, तिला पेन्सिल लागत नाही. पण इथं बदकी नव्हती, म्हणून अपूर्वा करत होती.

नेमिनाथअण्णा चहाचा कप घेऊन दारात उभे राहत आणि लेकीकडं बघत. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः इन्क्युबेटरचं झाकण उघडायला हात पुढं केला, तेव्हा ती म्हणाली होती, "अण्णा, तुम्ही सरका. मी करतो."

कोल्हापूरच्या पोरी 'करते' म्हणत नाहीत, 'करतो' म्हणतात. त्यात नवल काही नव्हतं. नवल हे, की अडीच महिन्यांत पोरगी पहिल्यांदा धड एक वाक्य बोलली होती. अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि अंजनाबाईंना म्हणाले, "बोलली गं." आणि दोघं म्हातारे गॅसपाशी उभं राहून रडले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून अपूर्वा राजारामपुरीत आली होती. आठवा सरत आला आणि एका सकाळी पोटातली हालचाल थांबली. दवाखान्यात डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशी मोकळी झाली. मुलगा होता. तेव्हापासून ती याच खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायची. नवरा, अनेकांत, दर रविवारी कुरुंदवाडहून यायचा, तासभर खुर्चीत बसायचा आणि जायचा. ताटातलं अन्न ताटात राहायचं.

आणि मग कागलच्या शेतावरून गुंडूचा फोन आला. गुंडू त्यांचं शेत बघतो. शेततळ्यात त्यानं हौसेनं बदकांची जोडी सोडली होती.

"अण्णा, कुत्र्यानं बदकी फाडली की वो. कालच बसली होती बिचारी. नऊ अंडी हायत खाली. काय करू? न्हाईतर आमची बाळाबाई अंड्याची पोळी करंल संध्याकाळी."

अण्णा पडले जैन माणूस. घरात कांदा-लसूण नाही, तिथं नऊ जिवांची पोळी करायला 'हो' कुठल्या तोंडानं म्हणणार?

"हात लावू नको," ते म्हणाले. "मी आलो."

टॉवेलात गुंडाळून अंडी त्यांनी घरी आणली. ती शेतात नेमकी कुठं सापडली, हे मात्र त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही.

२

इन्क्युबेटर शेजारच्या धैर्यशीलनं दिला. धैर्यशील पाटील गच्चीवर देशी कोंबड्या पाळतो आणि त्यावर दोन तास बोलू शकतो. साडेसदतीस अंश उष्णता, खालच्या खाचेत पाणी, अठ्ठावीस दिवस, सगळं त्यानं अपूर्वाला समजावलं. तिनं विचारलंसुद्धा, "त्यांच्याशी बोललं तर चालतं काय?"

"बोल की! आतनं ऐकत्यात ती. बाहेर आल्यावर त्याच आवाजामागं पळत्यात." मग तो अण्णांकडं वळला. "आणि काका, तुमच्या जोगतं एक काम हाय. अंडं आतनं श्वास घेतंय, पाणी उडतंय. रोज थोडं थोडं हलकं व्हायला पायजे. वजनं घ्या."

हे म्हणजे बेडकाला पाण्यात सोडल्यासारखं झालं. अण्णांची एकतीस वर्षं वजनमापं खात्यात गेली होती. गुळाच्या बाजारात 'मगदूमसाहेब आले' अशी कुजबुज झाली की निम्म्या काट्यांना आपोआप शिस्त यायची. त्यांच्या तळहातावर लिंबू ठेवा, वजन सांगतील. अंजनाबाई या सवयीला इतक्या कंटाळलेल्या, की त्यांना भाजीला बरोबर नेत नसत. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशानं एक नाजूक काटा आणि पितळी वजनांचा एक संच घेतला होता. माणसं देव्हारा पुसतात, अण्णा तो संच पुसायचे.

दुपारी दोनला अंडी फिरवताना अपूर्वा एकेक अंडं काट्यावर ठेवायची, अण्णा आकडा वाचायचे आणि ती दारामागं चिकटवलेल्या कागदावर लिहायची. बापलेकीचं असं एकत्र काम तिच्या दहावीच्या गणितानंतर आत्ताच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी ती आपणहून चहा मागायला स्वयंपाकघरात आली. पाचव्या दिवशी तिनं केस धुतले. अण्णांनी मनातल्या मनात त्या मेलेल्या बदकीचे आभार मानले.

३

सातव्या दिवशी टॉर्चवर अंडी बघायची होती. भर दुपारी बाथरूमची खिडकी पुठ्ठ्यानं झाकली आणि आत धैर्यशील, अण्णा आणि अपूर्वा दाटीवाटीनं उभे राहिले. अंजनाबाई बाहेरून विचारत होत्या, "काय दिसतंय? आगं, काय दिसतंय?"

एक नंबरच्या अंड्याला टॉर्च लावला आणि आत लाल उजेड भरला. मधोमध एक ठिपका, त्यातून निघालेल्या बारीक शिरा. ठिपका उडत होता. अपूर्वानं अण्णांचं मनगट घट्ट धरलं. दोन तसंच, तीन तसंच.

चार नंबरमध्ये उजेड शिरलाच नाही.

धैर्यशीलनं टॉर्च हलवला, झटकला, दुसऱ्या टोकाला लावला. "फळलेलं नसतंय तर आरपार पिवळं दिसतंय," तो म्हणाला. "सडलेलं असतंय तर वास मारतंय. हे काय हाय कुणास ठाऊक." बाकीची पाचही चांगली निघाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, चार नंबर काढून टाका. गॅस धरून फुटलं तर बाकीची आठ जातील."

"काढायचं म्हणजे टाकायचं कुठं?" अंजनाबाई म्हणाल्या. "आत जीव न्हाय हे नक्की हाय काय?"

"नक्की असं कसं सांगू, काकी?"

"मग राहू दे. संशय हाय तोवर जीव हाय असंच धरायचं."

घरात हेच चालत आलं होतं. पाणी गाळून प्यायचं, दिवेलागणीच्या आत जेवायचं, शंका असली की जिवाच्या बाजूनं कौल द्यायचा. एरवी अण्णांनीही हेच म्हटलं असतं. पण त्यांची जीभ उचलली नाही, कारण अपूर्वा चार नंबर तळहातावर घेऊन उभी होती आणि सावकाश म्हणत होती, "माझ्या वेळेला पण मशीनच लावून बघितलं होतं की त्यांनी."

चार नंबर परत आपल्या जागी गेलं.

४

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो आकडा दोनदा वाचला.

आठ अंडी रोज थोडी हलकी होत होती, अगदी धैर्यशीलनं सांगितलं तशी. चार नंबर पहिल्या दिवशी एकाहत्तर ग्रॅम होतं. आठव्या दिवशी बाहत्तर भरलं. अण्णांनी काटा पुसला, शून्यावर आणला, पितळी वजनं ठेवून तपासला. काटा बरोबर होता. बाराव्या दिवशी त्र्याहत्तर. सोळाव्या दिवशी पंचाहत्तर.

बंद कवचात बाहेरून काही जात नाही. मग वजन वाढतं कशानं? खाचेतलं पाणी शोषत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग बाकीची आठ का शोषत नव्हती? कवचाला तडा असेल. त्यांनी भिंग घेऊन बघितलं. तडा नव्हता. एकतीस वर्षांत काटा खोटं बोलताना त्यांनी हजारदा पकडला होता, पण प्रत्येक वेळी काट्यामागं कुणीतरी माणूस असायचा. इथं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

अपूर्वाला ते खोटे आकडे सांगू लागले. "चार नंबर... सत्तर." ती लिहायची.

आणखी एक गोष्ट होती. अपूर्वा रोज खुर्ची ओढून इन्क्युबेटरच्या खिडकीकडच्या बाजूला बसायची आणि बोलायची. काय बोलायची ते दारापर्यंत ऐकू येत नसे. ती उठून गेल्यावर अण्णा झाकणाच्या काचेतून आत बघत. आठ अंड्यांची वरची खूण, फुली असो की गोल, सरळ वर असायची. चार नंबरची खूण कललेली असायची, खिडकीच्या बाजूला. अपूर्वा एकदा पाठ आखडली म्हणून खुर्ची कपाटाकडं घेऊन बसली. त्या दिवशी खूण कपाटाकडं कललेली होती.

पंख्याच्या वाऱ्यानं हलत असेल, अण्णा म्हणाले. आतला पंखा वाटीएवढा होता.

५

अण्णांनी कुणाला न सांगितलेली गोष्ट आता सांगून टाकलेली बरी.

बाळ आईला दाखवायचं नाही, असं दवाखान्यात जमलेल्या थोरामोठ्यांनी ठरवलं होतं. दाखवलं की जीव अडकतो, म्हणे. अपूर्वाला गुंगीचं इंजेक्शन होतं. नर्सनं पांढऱ्या कापडात बांधलेलं गाठोडं आणून अण्णांच्या हातात दिलं. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून कागलच्या शेतात न्यायचं होतं. गाडी अनेकांत चालवत होता. अण्णा मागं बसले, गाठोडं मांडीवर घेऊन.

गोकुळ शिरगावच्या पुढं रस्ता चांगला आहे. गाडी संथ चालली होती, खड्डा नव्हता, वळण नव्हतं. आणि तिथं अण्णांच्या मांडीवर वजन सरकलं.

मेलेलं वजन एका जागी बसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? जिवंत वजन आपलं आपण जागा बदलतं. बाजारात पिशवीत घातलेली कोंबडी आणि पिशवीत घातलेला भोपळा, डोळे मिटून त्यांना फरक कळला असता. वजन उजव्या मांडीवरून डावीकडं सरकलं, बोटभर, आणि थांबलं.

डॉक्टरांनी तपासलं होतं. नर्सनं तपासलं होतं. दोन दिवस हृदय बंद होतं. शहाणा माणूस यावर काय म्हणेल? आपलं मन वेडं झालंय, म्हणेल. अण्णा शहाणे होते. कापडाची गाठ सोडून बघायला दोन मिनिटं पुरली असती. पण पुढं अनेकांतचे खांदे हलत होते, तो आवाज न करता रडत होता, आणि त्याच्यासमोर ते गाठोडं उघडण्याचा धीर अण्णांना झाला नाही. शेतात गुंडूनं शेततळ्याच्या बांधावर, आंब्याच्या बुडाशी खड्डा काढून ठेवला होता.

परत आल्यावर अपूर्वानं एकच विचारलं होतं, "कसा होता?"

"झोपल्यासारखा दिसत होता, बाळ," अण्णा म्हणाले.

आणि अडीच महिन्यांनी अंडी आणायला गेले तेव्हा गुंडूनं त्यांना बांधावर नेलं, आणि मान खाली घालून म्हणाला, "अण्णा, सगळं रान सोडून हितंच बसली वो बदकी. आंब्याच्या बुडाला. आता हिला काय म्हणायचं?"

नऊ अंडी त्या मऊ मातीवर होती. चार नंबर मधोमध, मातीत अर्धं रुतलेलं. उचलताना ते बाकीच्यांपेक्षा गरम लागलं होतं.

६

पंचविसाव्या दिवसानंतर अंडी फिरवायची नाहीत, झाकण उघडायचं नाही. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी अंड्यांतून बारीक चिवचिव सुरू झाली. अंजनाबाईंनी शेजारणींना बोलावून आणलं. अपूर्वा काचेला नाक लावून हसत होती. लेक हसते आहे, हे बघताना अण्णांना वाटलं, की आपल्याला आयुष्यात आणखी काही नको.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारपर्यंत आठ पिल्लं बाहेर आली. ओली, लडबडलेली, मग तासाभरात पिवळी आणि फुगलेली. धैर्यशीलनं ती पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्बखाली ठेवली. "आता मार हाक," तो अपूर्वाला म्हणाला. "बघ कशी पळत येत्यात."

अपूर्वानं हाक मारली. आठही पिल्लं उठली आणि खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथं एकमेकांच्या अंगावर चढून गप्प बसली. धैर्यशीलनं खोकं फिरवून ठेवलं. पिल्लं पुन्हा उठली आणि समोरच्या कोपऱ्यात गेली. मग अण्णांच्या लक्षात आलं, की ती अपूर्वापासून लांब जात नव्हती. ती इन्क्युबेटरपासून लांब जात होती.

"नवी हायत, बुजली असतील," धैर्यशील म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता. "चार नंबर आता टाकून द्या, काका. त्याचं काय व्हायचं न्हाय."

पण अपूर्वा काचेला कान लावून बसली होती.

"वाजवतोय," ती म्हणाली.

अण्णांनी कान लावला. पिल्लू कवच फोडतं तेव्हा चोच घासल्याचा आवाज येतो, खरखरीत. हा तसा नव्हता. मऊ होता. तीनदा टकटक, मग थांबणं, मग तीनदा. अपूर्वा हळूच म्हणाली, "हाय मी." आणि आतून लगेच तीनदा वाजलं.

एकोणतिसाव्या दिवशी ती जेवली नाही. तिसाव्या दिवशीही नाही. आठ पिल्लं खोलीबाहेर नेली, तिला कळलं नाही. तिचे केस पुन्हा विस्कटले. आधी ती भिंतीकडं तोंड करून असायची, आता त्या काचेकडं. अंजनाबाई अण्णांना म्हणाल्या, "एवढी वर आली होती, आता परत बुडाली. काहीतरी करा वो. पोरगी हातची जाईल." त्यांच्या हातात तसंच परत आलेलं ताट होतं.

७

तिसाव्या दिवशी दुपारी अण्णा खोलीत गेले आणि लेकीशेजारी जमिनीवर बसले. खिडकीतून ऊन येत होतं. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत चालला होता.

"अण्णा," अपूर्वा काचेवरून नजर न काढता म्हणाली, "त्याचं तोंड बघितलं होतं काय तुम्ही? खरं सांगा."

अण्णांना वाटलं, आता तरी खरं बोलावं, म्हणजे पोरगी सुटेल. "न्हाय बघितलं, बाळ. गाठ सोडायचं धाडस झालं न्हाय. तुला खोटं सांगितलं मी."

ती चिडली नाही. तिनं झाकण उघडलं, चार नंबर उचललं आणि त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवलं. टॉर्च दुसऱ्या हातात दिला.

"मग आता बघा," ती म्हणाली. "माझ्यानं बघवत न्हाय."

तिनं पडदा ओढला आणि पाठ फिरवून उभी राहिली. हातावरचं वजन अण्णांच्या हाताला न विचारता कळलं, ब्याऐंशी ग्रॅम. त्यांनी टॉर्च टोकाला लावला.

या वेळी उजेड आत शिरला. लाल, दाट. आत काहीतरी दाटीवाटीनं भरलेलं होतं, आणि कवचाच्या आतल्या बाजूला, उजेडाच्या अगदी जवळ, काहीतरी टेकवलेलं होतं. बदकाच्या पायाला पुढं तीन बोटं असतात, कातड्यानं जोडलेली. ही बोटं सुटी होती. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक. अण्णांनी मोजली. पाच होती. उजेड लागला तशी ती मिटली, एकेक करून, आणि मागं सरली.

अण्णांनी टॉर्च बंद केला.

"जिता हाय काय?" अपूर्वानं पाठमोरीच विचारलं.

'हो' म्हटलं तर गोकुळ शिरगावच्या पुढं मांडीवर जे सरकलं, ते खरं होतं. मग आंब्याच्या बुडाशी त्यांनी काय पुरलं, हे लेकीला सांगावं लागणार होतं. तेही एक वेळ त्यांनी सोसलं असतं. पण 'हो' म्हटलं तर ही पोरगी या काचेपासून पुन्हा कधी उठणार नव्हती. आणि 'नाही' म्हटलं तर... संशय असला की जिवाच्या बाजूनं कौल द्यायचा, हे ज्यांनी तिला लहानपणी शिकवलं ते हेच अण्णा होते. इथं तर संशयही नव्हता.

त्यांनी अंड्यावर मूठ मिटली.

"न्हाय, बाळ," ते म्हणाले. "आत काही न्हाय. सगळं वाळलंय."

अपूर्वा वळली. एकतीस वर्षांत ग्रॅमभर खोटं न मोजलेल्या माणसाचा चेहरा तिनं नीट बघितला. आणि मग तिचा बांध फुटला. साडेतीन महिन्यांत एकदाही न रडलेली पोरगी मोठ्यानं, गळा काढून, गल्लीत ऐकू जाईल अशी रडली. "गेला की वो, अण्णा," ती म्हणत होती. "गेला माझा." अंजनाबाई धावत आल्या आणि दारातच डोळ्याला पदर लावून उभ्या राहिल्या. अण्णांनी डाव्या हातानं लेकीला खांद्याशी धरलं, तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. उजवा हात त्यांनी पाठीमागं नेला.

मुठीत टकटक सुरू झाली होती. तीनदा, मग थांबणं, मग तीनदा. लेकीच्या आवाजाला ती उत्तर देत होती.

अर्ध्या तासानं अपूर्वानं तोंड धुतलं. इन्क्युबेटरचं बटण तिनं स्वतःच्या हातानं बंद केलं. "आई," ती म्हणाली, "भूक लागलीया. दहीभात हाय काय?"

अंजनाबाईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी भात कालवला, वरून फोडणी दिली, लोणचं काढलं. अपूर्वा टेबलाशी बसून जेवू लागली, घाईघाईनं, उपाशी माणसासारखी. अण्णा शेजारी बसले होते, उजवा हात टेबलाखाली धरून. अंड्याला साडेसदतीस अंश लागतात. माणसाचा तळहात कितीही घट्ट मिटला तरी तेवढा गरम होत नाही.

तिनं दुसऱ्यांदा भात घेतला, तेव्हा दोनदाच वाजलं.

"रविवारी अनेकांतला सांगतो," ती म्हणाली. "जातो मी कुरुंदवाडला. किती दिवस हितं बसायचं?" अंजनाबाईंनी देवाच्या खोलीकडं बघून हात जोडले.

मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदा.

"तुम्ही पण जेवा की, अण्णा," अपूर्वा म्हणाली. तिनं स्वतः उठून त्यांना वाढलं आणि ताट पुढं सरकवलं. तिचे डोळे सुजले होते, पण ती त्यांच्याकडं बघून हसली.

"जेवतो," अण्णा म्हणाले, आणि डाव्या हातानं पहिला घास उचलला.